इंग्रजीतून इंग्रजीत

"ह्या गृहस्थाला सांग," कर्नल व्हीलॉक मला म्हणाले, "की तो ज्या खुर्चीत बसलाय ती माझी आहे."

ज्या गृहस्थाला हे सांगायचं होतं तो त्याच खोलीत, हाताच्या अंतरावर बसला होता. कान शाबूत होते. कर्नल इंग्रजीत बोलले होते आणि इंग्रजी ही त्या गृहस्थाची जन्मभाषा होती. तरी तो माझ्याकडे तोंड करून वाट बघत राहिला.

मी इंग्रजीतच म्हणालो, "मेजरसाहेब, कर्नलसाहेबांचं म्हणणं असं की ही खुर्ची त्यांची आहे."

मेजर हारग्रोव्ह काही उठले नाहीत. पाय आणखी थोडे लांब केले. "कृपा करून कर्नलसाहेबांना सांगा, खुर्ची फार आरामशीर आहे. त्यांची निवड नेहमीच उत्तम असते."

मी वळलो. "साहेब, मेजरसाहेब म्हणतात..."

"ऐकलं मी!" कर्नल ओरडले, आणि लगेच जीभ चावली. ऐकलं असं कबूल केलं की बोलणं झाल्यासारखंच होतं. भिंतीकडे तोंड करून ते म्हणाले, "काय म्हणाला तो?"

माझ्या दुभाषेपणाच्या नोकरीत मी वऱ्हाडीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून वऱ्हाडीत पुष्कळ भांडणं वाहून नेली. पण इंग्रजीतून इंग्रजीत तर्जुमा करण्याची पाळी त्या दिवशी पहिल्यांदा आली.

ही गोष्ट खामगावची. आगगाडीचा फाटा नुकताच गावापर्यंत आला होता आणि कापसाच्या बाजाराला ऊत आला होता. मी आत्माराम देऊळगावकर, मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकलो आणि तिथंच मास्तरकी करत होतो. अमेरिकेहून कर्नल एझ्रा व्हीलॉक आले, त्यांना माणूस हवा होता, मी गेलो. 'आत्मा' हे माझं नाव आणि 'राम' हे आडनाव, अशी त्यांची समजूत झाली. मी ती दुरुस्त केली नाही. अखेरपर्यंत त्यांच्यासाठी मी 'मिस्टर राम'च राहिलो.

कर्नल अमेरिकेच्या उत्तर भागातले. तिकडे त्यांचा लोखंडाचा कारखाना होता आणि कापसाच्या गाठी दाबायच्या प्रेस ते विकत. मधल्या काळात तिकडे मोठं युद्ध झालं. दक्षिणेकडचे जमीनदार गुलामांना राबवून कापूस पिकवायचे. उत्तर म्हणाली, हे चालणार नाही. दक्षिण म्हणाली, मग आमचं राज्य वेगळं. आम्ही ह्याला भाऊबंदकी म्हटलं असतं, फक्त तिकडे ती तोफा लावून झाली. त्या युद्धात कर्नल उत्तरेच्या फौजेत होते. युद्ध संपलं, पण कर्नलगिरी काही सुटली नाही. प्रेस चालू करताना ते तोफ डागल्यासारखा हात खाली टाकत. हमालांना सकाळी रांगेत उभं करून हजेरी घेत आणि "सावधान" म्हणून ओरडत. हमाल सगळे एकासुरात "राम राम साहेब" म्हणत. कर्नलांना वाटे, सलामी मिळाली.

त्यांच्या पत्नी लिडियाबाई मात्र दक्षिणेतल्या, कापसाच्या मळ्यावर वाढलेल्या. लग्न युद्धाच्या आधीचं. गावात त्यांना सगळे मडम म्हणत. दोन वर्षं गिरजाबाई नावाच्या मोलकरणीबरोबर राहून त्या अस्सल वऱ्हाडी बोलायला लागल्या होत्या. कर्नलांना त्यातला शब्दही कळत नसे, आणि बाईंना त्याचं मुळीच वाईट वाटत नसे.

आणि खुर्चीत बसलेले मेजर लुशियस हारग्रोव्ह म्हणजे ह्याच बाईंचे धाकटे भाऊ, दक्षिणेच्या फौजेतले. युद्धात घर गेलं, मळा गेला. आता एका दुसऱ्याच कंपनीची प्रेस विकायला म्हणून तेही खामगावलाच उतरले. म्हणजे साळा आणि जावई, एकाच गावात, एकाच मालाचे विक्रेते, आणि दहा वर्षांत एकमेकांशी अक्षर बोललेले नाहीत. डाकबंगल्याचं छप्पर वाळवीनं खाल्लेलं, तेव्हा मेजरांना उतरायला दुसरी जागा नव्हती.

"माझा भाऊ माझ्या घरी नाही उतरणार तर काय कापसाच्या ढिगावर झोपणार?" असं लिडियाबाई नवऱ्याला म्हणाल्या, आणि वर एक नियमही घालून दिला, की माझ्या घरात युद्धाचं नाव काढायचं नाही. कर्नलांनी नियम पाळायची सोपी युक्ती काढली. ते मेव्हण्याशी बोलायचेच नाहीत. पण मीठ मागावं लागतं, दार लावायला सांगावं लागतं, आणि मुख्य म्हणजे भांडावंसं वाटतं. म्हणून मी.

मला ह्यात नवल वाटलं नाही. आमच्या घरी माझी आई आणि काकू वर्षानुवर्षं मला मध्ये घालूनच बोलत होत्या. "तुझ्या काकूला सांग, दूध उतू जातंय." काकू चुलीपाशीच असे. "तुझ्या आईला सांग, दिसतंय मला." हे सगळं मी लहानपणापासून करत आलो होतो. मात्र ह्या कामाचा पगार मिळेल असं कधी वाटलं नव्हतं.

जेवणाच्या वेळी मी जेवणघराच्या दारातल्या बाकावर बसायचो. साहेबांच्या टेबलाला शिवायचं नाही, ही माझ्या आईची अट. घरी परतल्यावर अंघोळ करायची, ही दुसरी. मेजर आल्यापासून मला दोन्ही वेळच्या जेवणाला हजर राहावं लागे आणि मी दिवसाला तीन अंघोळी करत होतो. बायको म्हणाली, "साहेबाकडे कामाला जाता की नदीवर?"

दोघांची बोलण्याची तऱ्हा वेगळी. इंग्रजीत तू आणि तुम्ही ह्यांना शब्द एकच आहे, पण कर्नलांचा तो शब्द माझ्या कानाला 'तू' ऐकू येई आणि मेजरांचा 'तुम्ही'. मेजर शिव्यासुद्धा कमरेत वाकून द्यायचे.

"त्याला सांग," कर्नल म्हणायचे, "माणसं राबवून खाणाऱ्या घरात वाढलेल्यानं मला यंत्र शिकवू नये. त्याच्या बुटाचे बंदसुद्धा दुसरा माणूस बांधत होता."

मी म्हणे, "मेजरसाहेब, यंत्राचा आपला अनुभव अलीकडचा असावा, असं कर्नलसाहेबांना वाटतं."

मेजरांनी कर्नलांचं वाक्य ऐकलेलं असे. माझंही ऐकलेलं असे. ते क्षणभर विचार करत आणि माझ्या वाक्याला उत्तर देत. "खरं आहे, म्हणावं. बुटाचे बंद आता मीच बांधतो. आधीच बांधायला हवे होते."

असं उत्तर आलं की कर्नलांची पंचाईत होई. भांडायला वाक्य उरत नसे.

हळूहळू माझी भीड चेपली. कर्नलांनी तीन ओळींत आग ओकावी आणि मी एका ओळीत विस्तव झाकून पुढे द्यावा, असं चाललं. आणि गंमत अशी, की दोघंही मूळ वाक्य कानांनी ऐकून माझ्या वाक्याची वाट बघत. तेव्हा मला त्याचं फक्त हसू यायचं.

एका रात्रीच्या जेवणात मात्र कर्नलांचा संयम सुटला. मेजरांनी गावातल्या सगळ्यात मोठ्या कापूसवाल्याला, अमृतराव देशमुखांना, भेटून आपली प्रेस दाखवायचं ठरवलं होतं. देशमुखांकडे कर्नल आधीपासून खेटे घालत होते. देशमुख म्हणाले होते, शनिवारी दोघंही आपापली यंत्रं आणा, माझ्या अंगणात चालवून दाखवा, बरं वाटंल ते घेतो.

कर्नलांनी टेबलावर मूठ आपटली. "त्याला सांग, शनिवारच्या आत पहिल्या गाडीनं ह्या गावातून चालता हो!"

लिडियाबाई पाव कापत होत्या. मान वर न करता त्या वऱ्हाडीत म्हणाल्या, "आत्माराम, त्याले सांगजो, शनिवारलोक ऱ्हाय म्हना."

मी बाईंकडे पाहिलं, कर्नलांकडे पाहिलं. पगार कर्नल देत होते. पण घरात कुणाचं चालतं हे मला कळत होतं.

"मेजरसाहेब," मी म्हणालो, "कर्नलसाहेबांची इच्छा आहे, की आपण शनिवारपर्यंत इथंच राहावं."

मेजरांनी तोंड पुसलं, उठले आणि चक्क कमरेत वाकले. "कर्नलसाहेबांचा मी ऋणी आहे. त्यांना सांगा, आमंत्रण स्वीकारलं."

कर्नलांचा चेहरा बिटासारखा झाला. "मिस्टर राम! मी असं म्हणालो?"

"साहेब, शनिवार आपणच म्हणालात."

"आणि गाडी?"

"गाडी रोजच असते, साहेब."

कर्नलांना मेजरांना सांगायचं होतं की दुभाष्या खोटं बोलतोय. पण ते सांगायचं कुणामार्फत? ते अर्धं जेवण टाकून सिगार ओढायला निघून गेले. लिडियाबाईंनी त्यांचं ताट झाकून ठेवलं.

शनिवारी देशमुखांच्या अंगणात सगळं गाव लोटलं. एका बाजूला कर्नलांची काळी, हत्तीएवढी लोखंडी प्रेस. दुसऱ्या बाजूला मेजरांची, आकारानं बकरीएवढी. देशमुख बाजेवर बसलेले, तोंडात पान. लिडियाबाई छत्री घेऊन सावलीत.

आधी कर्नल. त्यांनी सावधान म्हटलं, हमालांनी राम राम म्हटलं, आणि पेटीत कापूस भरायला सुरुवात झाली. मेजर काळी टोपी घालून दुरून बघत होते. बघता बघता ते अस्वस्थ झाले आणि माझ्यापाशी आले.

"कर्नलसाहेबांना सांगा, कापूस एकाच बाजूनं भरला जातोय. दुसरी बाजू पोकळ राहिलीय. दाब दिला की गाठ फुटेल."

मी कर्नलांकडे धावलो. "साहेब, मेजरसाहेब म्हणतात..."

"त्याला सांग, ज्यानं आयुष्यात हातानं बोंड तोडलं नाही त्यानं मला कापूस शिकवू नये."

मी परत धावलो. "मेजरसाहेब, कर्नलसाहेब म्हणतात, आपला कापसाशी संबंध..."

"त्यांना सांगा, युद्ध संपल्यापासून मी स्वतःच बोंडं तोडतोय. दुसरं कुणी तोडायला राहिलं नाही, आणि ते बरंच झालं. पण आत्माराम, धावा, त्यांनी हात वर केलाय!"

मी धावलो. कर्नलांनी हात खाली टाकला. हमालांनी मोठं चाक फिरवलं. मी "साहेब, एका बाजूनं" एवढं म्हणेपर्यंत लोखंडी पट्टा तुटला, पेटीचं दार उघडलं आणि सबंध गाठ आमच्या अंगावर आली. कुणाला इजा झाली नाही, कापूसच तो. पण कर्नल मिशीपासून बुटापर्यंत पांढरे झाले. गाव पोट धरधरून हसलं. एक म्हातारी म्हणाली, "बाप्पा, साहेबाची तं गादीच झाली!"

मग मेजरांची पाळी. त्यांनी बाह्या सारल्या, स्वतः पेटीत कापूस भरला, चारी कोपऱ्यांत हात घालून सारखा केला. इतका सुरेख भरला की देशमुखांनी पान चघळायचं थांबवलं. पण यंत्र अर्ध्या दाबावर कुरकुरलं, अडलं, आणि मधला दांडा वाकला. गाठ निघाली ती लहान मुलाच्या दुपट्याएवढी ढिली.

देशमुखांनी मला हाक मारली. "मास्तर, इकडं ये. हे दोघं येकच भाषा बोलतेत ना?"

"होय, मालक."

"मंग तू मधात कायले पयत होता? त्या काळ्या टोपीवाल्यानं सरळ वरडून सांगतलं असतं तं गाठ फुटली नसती."

आता काय सांगावं? मी खरं सांगितलं. "मालक, ते एकमेकांवर रुसलेत. साळा-जावई आहेत."

"आस्सं!" देशमुखांचा चेहरा उजळला. गोऱ्या माणसांविषयी त्यांना पहिल्यांदाच काही नीट समजलं होतं. "जावई म्हंजे दहावा ग्रहच! माहा जावई बी तसाच." मग ते गंभीर झाले. "यायले सांग, मोठं यंत्र मजबूत हाय, अन् लहान्याच्या हाताले कापूस कळते. दोन्ही मिळून असन तं घेतो. पन ज्या घरात साळा-जावई बोलत नाहीत, त्या घरचं यंत्र माह्या अंगनात नाही येनार. उद्या यायच्या रुसण्यापायी माह्या मानसाचा हात तुटंल. आधी बोला म्हना. अन् जो लहान हाय त्यानं आधी वाकावं."

परत जाताना लिडियाबाईंनी मला आपल्या दमणीत, त्या हलक्या बैलगाडीत, पुढे बसवलं. मागच्या दमणीत दोघं पुरुष, एक पुढे तोंड करून, एक मागे. बाईंनी छत्री मिटून मांडीवर घेतली. मग म्हणाल्या, "आत्माराम, तुले वाटते हे लढाईसाठी भांडतेत?"

"नाही का?"

"माह्या नवऱ्याचा धाकटा भाऊ होता. कॅलेब. मिशीही नीट फुटली नव्हती. लढाईत आमच्या लोकायनं पकडला, अन् कैद्यायच्या तळावर मेला. उपाशी मेले तिथं लोक. हे म्हन्ते, तुह्या लोकायनं मारला. म्या काय म्हनाव? खरंच हाय ते." त्यांनी छत्रीचा दांडा घट्ट धरला. "लुशियस त्या दिवसायत कुठं होता, हे म्या कधी इचारलं नाही. मले भेव वाटते."

त्या संध्याकाळी जेवणाला सूप होतं. कर्नलांच्या कानात अजून कापूस होता, तो कुणी काढायला धजत नव्हतं. लिडियाबाईंनी देशमुखांचा निरोप इंग्रजीत दोघांना सांगितला, शेवटचं वाक्यसुद्धा.

मेजरांनी चमचा खाली ठेवला. "आत्माराम, कर्नलसाहेबांना सांगा, देशमुख बरोबर बोलले. लहान मीच आहे. आणि हेही सांगा, की मी यंत्र विकायला आलो नव्हतो. ते यंत्र किती वाईट आहे हे आज सगळ्या गावानं बघितलंच. मला इथवर यायला काहीतरी निमित्त हवं होतं. मला त्यांच्याशी कॅलेबबद्दल बोलायचंय."

मी सांगितलं. कर्नलांचे हात टेबलाच्या कडेवर घट्ट झाले. "त्याला सांग, हे नाव त्याच्या तोंडून..."

मेजर घाईघाईनं म्हणाले, जणू दार बंद व्हायच्या आत पाय घालावा तसे, "त्यांना सांगा, कॅलेबनं मला गँडरची गोष्ट सांगितली होती. त्या गँडरनं कर्नलसाहेबांना पळवलं, त्यांची विजार फाडली, आणि ते छपरावर चढून संध्याकाळपर्यंत बसून राहिले."

गँडर हा शब्द माझ्या वाचनात आला नव्हता. पण मिशनच्या शाळेत आम्ही सेनापतींची पुष्कळ नावं पाठ केली होती, तेव्हा मी अंदाज बांधला. कर्नलांसारख्या शूर माणसाचा असा पराभव सांगायचा म्हणजे अदबीनं सांगायला हवं. मी बाकावरून उठून उभा राहिलो.

"साहेब, मेजरसाहेब म्हणतात, की जनरल गँडर ह्यांनी आपल्यावर चाल केली. तुंबळ लढाईत आपल्या विजारीचं नुकसान झालं. मग आपण युक्तीनं उंचावरचं ठाणं घेतलंत आणि अंधार पडेपर्यंत लढवलंत."



मग कर्नल आणि मेजर दोघं एकाच वेळी माझ्याकडे वळून ओरडले, "मूर्खा, तो पक्षी असतो!"

"हंसाच्या जातीचा," कर्नल म्हणाले.

"नर," मेजर म्हणाले.

"पिसाळलेला," कर्नल म्हणाले. "एवढा उंच होता!" त्यांनी हात वर केला, आणि लिडियाबाईंना हसू आवरेना. त्यांनी रुमाल तोंडात कोंबला, तरी खांदे हलत राहिले. मेजरांनाही हसू फुटलं. कर्नल डोळे मोठे करून दोघांकडे बघत होते आणि बघता बघता त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं.

"ही गोष्ट," ते म्हणाले, आणि ते माझ्याकडे बघत नव्हते, "फक्त मला आणि कॅलेबला माहीत होती. त्यानं शपथ घेतली होती कुणाला न सांगण्याची."

"त्यानं मोडली," मेजर म्हणाले. "तापात होता. सांगताना इतका हसत होता की खोकला लागला. म्हणाला, माझा भाऊ बाकी कशाला भीत नाही."

कर्नलांनी खुर्ची पुढे ओढली. "आणखी काय म्हणाला?"

मेजर सांगत गेले. कॅलेब घरच्या विहिरीच्या पाण्याबद्दल बोलायचा. आईच्या सफरचंदाच्या पोळीबद्दल बोलायचा. गाणं बेसूर म्हणायचा. कर्नल म्हणाले, बेसूरच म्हणायचा. मी बाकावर बसलो आणि मनात म्हटलं, सुटलो. आता माझी गरज उरली नाही.

"पण तू तिथं कसा?" कर्नलांनी विचारलं. "कैद्यांच्या तळावर? भेटायला गेला होतास?"

मेजरांच्या चेहऱ्यावरचं हसू ओसरलं. मग ते सावकाश कर्नलांकडून वळले आणि माझ्याकडे बघू लागले.

"आत्माराम," ते म्हणाले, "कृपा करून कर्नलसाहेबांना सांगा, मी भेटायला गेलो नव्हतो. मी पहाऱ्यावरचा अधिकारी होतो. दाराच्या किल्ल्या माझ्या कमरेला होत्या."

लिडियाबाईंनी हातातला रुमाल खाली ठेवला. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या वऱ्हाडीत काही तरी म्हणतील, काय सांगू ते सुचवतील, असं वाटलं. त्या भावाकडेच बघत होत्या.

मेजर बोललेले कर्नलांनी ऐकलं होतंच, त्यांच्या कपाळाची शीर ताठ झाली होती. तरी तेही माझ्याकडे बघत थांबले होते. दोघंही थांबले होते. आणि त्या घरात इतके दिवस मी काय करत होतो, ते मला तेव्हा कळलं. ह्या माणसांना कान होते, जीभ होती, भाषा एक होती. एकट्यानं उचलवत नाही असं ओझं असलं की मध्ये कुणाच्या तरी खांद्यावर ते क्षणभर टेकवावं लागतं, एवढंच.

मी एकही शब्द मऊ केला नाही. "साहेब, मेजरसाहेब म्हणतात, ते पहाऱ्यावरचे अधिकारी होते. दाराच्या किल्ल्या त्यांच्याकडे होत्या."

"आणि सांगा," मेजर म्हणाले, "मी त्याला चोरून पाव दिला. रोज नाही, जमेल तेव्हा. दार उघडता आलं असतं. एक रात्र होती तशी. मी उघडलं नाही. मला भीती वाटली."

तेही मी सांगितलं.

कर्नल उठले, खिडकीशी गेले आणि पाठमोरे उभे राहिले. बाहेर दमणीचे बैल सोडत होते, त्यांच्या घुंगरांचा आवाज येत होता. मग ते परत आले. बसले. मेव्हण्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

"मिस्टर राम," ते म्हणाले. "त्याला सांग, सूप गार होतंय."

"मेजरसाहेब," मी म्हणालो, "कर्नलसाहेब म्हणतात, सूप गार होतंय."

मेजरांनी चमचा उचलला.

देशमुखांनी प्रेस घेतली, कर्नलांचं लोखंड आणि मेजरांची कापूस भरायची रीत. मेजर कर्नलांच्याच धंद्यात आले. दुसऱ्या दिवसापासून ते दोघं मला वगळून थेट भांडायला लागले आणि असं भांडायला लागले, की ह्यापेक्षा अबोला बरा होता असं लिडियाबाईंना वाटे. चाकाला तेल किती घालावं, चहा किती वेळ मुरू द्यावा, चिरूट कुणी चोरला, सगळ्यावर. देशमुख बाजेवर बसून ऐकत आणि समाधानानं मान हलवत.

फक्त एक गोष्ट राहिली. दरवर्षी थंडीची चाहूल लागली की एका संध्याकाळी कर्नलांचा निरोप येई. मी जाई. व्हरांड्यात दोघं शेजारी शेजारी बसलेले असत. कर्नल समोर बघत म्हणत, "विचार त्याला, कॅलेबच्या पायात बूट होते का?" मी विचारी. मेजर म्हणत, "सांगा, नव्हते." मी सांगे. बस्स, तेवढाच एक प्रश्न. पुढच्या वर्षी दुसरा. जिथं पुरला तिथं झाड आहे का? शेवटी तो कुणाला हाका मारत होता? बाकी सगळं ते दोघं एकमेकांशी बोलत. एवढं मात्र माझ्याकडे असे.

सहा-सात वर्षांनी कर्नलांनी इथला धंदा विकला आणि लिडियाबाईंना घेऊन परत जायला निघाले. मेजर म्हणत होते, मी इकडेच मुंबईत राहतो, अमेरिकेत माझं कोण आहे. निघायच्या आदल्या संध्याकाळी मला बोलावणं आलं. थंडीचे दिवस नव्हते, त्यामुळे मला नवल वाटलं.

कर्नल नेहमीसारखे समोर बघत होते. "मिस्टर राम, त्याला सांग, माझी आई अजून आहे. थकलीय. कॅलेबबद्दल तिला काही सांगू शकेल असा जगात एकच माणूस आहे. त्यानं आमच्याबरोबर यावं."

मी सांगितलं.

मेजरांनी चिरूट खाली ठेवला. मग अगदी हळू म्हणाले, "त्यांना विचारा, तिथं दुभाष्या कोण असेल?"

हा एकच प्रश्न असा, की ज्याचा तर्जुमा मी केला नाही. पागोटं उचललं, दोघांना नमस्कार केला आणि व्हरांड्याच्या पायऱ्या उतरलो. फाटकाशी पोचलो, कडी काढली. मग कर्नलांचा आवाज आला.

"मी असेन, लुशियस."